घर एकच, कागद सात

आधी एक प्रामाणिक प्रश्न. तुमच्या पेन ड्राइव्हमध्ये 'प्लॅन फायनल', 'प्लॅन फायनल २', 'प्लॅन खरंच फायनल' आणि 'सरांना द्यायचा हाच' अशा नावांच्या फायली एकाच फोल्डरमध्ये आहेत की नाहीत? लाजू नका, माझ्याकडेही होत्या. आमच्या हॉस्टेलमध्ये सबमिशनच्या आदल्या रात्री सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न "जेवलीस का?" हा नसतो, "यातली लेटेस्ट कुठली गं?" हा असतो.

या प्रश्नावर आपण हसतो. पण ट्रेनिंगच्या वेळी हाच प्रश्न मला साइटवर एका मिस्त्रींनी विचारला, तेव्हा मात्र हसू आलं नाही. तो किस्सा आणि त्यातून मी जे शिकले ते, दोन्ही या लेखात सांगणार आहे. विषय आहे ऑटोकॅडमधले लेआउट. लॅबमध्ये शेवटच्या प्रॅक्टिकलला घाईघाईत उरकला जाणारा आणि ओरलला सहसा कुणी न विचारणारा. म्हणूनच लिहावंसं वाटलं.

पूर्व भागातलं घर

तिसऱ्या वर्षाची परीक्षा संपल्यावर मी सोलापुरातच एका कन्सल्टंट सरांकडे ट्रेनिंगला जात होते. तिथं माझ्या वाट्याला आलेलं पहिलं काम म्हणजे पूर्व भागातलं एक घर. बाहेरगावच्या मित्रांसाठी सांगते, आपल्या पूर्व भागात घर म्हणजे नुसतं घर नसतं. खाली यंत्रमाग आणि वर राहायला, अशी कितीतरी घरं तिथं आहेत. चादरी आणि टॉवेल विणणाऱ्या मागांचा खटखटाट गल्लीच्या तोंडापासून ऐकू येतो. मालकांना सगळे अण्णा म्हणायचे, म्हणून मीही अण्णाच म्हणायचे. १५ मीटर बाय ९ मीटरचं बांधकाम, तळमजल्यावर मागांची शेड आणि पहिल्या मजल्यावर दोन मुलांचे संसार, असा एकूण बेत.

एका घराला किती नकाशे लागतात याची मला तोवर कल्पनाच नव्हती. महापालिकेच्या परवानगीचा एक. लाइनआउटसाठी सेंटर लाइनचा दुसरा. फूटिंग आणि कॉलमचा तिसरा. तळमजल्याचा वर्किंग प्लॅन चौथा, पहिल्या मजल्याचा पाचवा. मागांची मांडणी आणि वायरिंगचा सहावा. नळ आणि ड्रेनेजचा सातवा. मी काय केलं? एक फाइल काढली आणि 'सेव्ह ॲज' करत करत तिच्या सात फायली केल्या. प्रत्येकीतून नको ते पुसलं, हवं ते घातलं. काम झटपट झालं म्हणून स्वतःवर खूशही झाले.

मग एक दिवस अण्णा ऑफिसात आले. नकाशावर बोट ठेवून म्हणाले, "बाळ, बीम घेऊन माणसं इथनं जाणार. हा खांब मधी येतोय बघ." (अण्णांचा बीम म्हणजे सूत गुंडाळलेला मागाचा रूळ. आपल्या आरसीसी बीमशी त्याचा संबंध नाही, हे कळायला मला पाच मिनिटं लागली!) सरांनी स्पॅन तपासले, हिशेब पुन्हा केला आणि सी-५ हा कॉलम ४५० मिलिमीटर पूर्वेला सरकवायला सांगितला. मी एकेक फाइल उघडून तो सरकवत गेले. सहा फायलींत सरकवला. सातवी राहिली. आणि राहिली ती नेमकी सेंटर लाइनची!

मिस्त्रींनी सेंटर लाइनच्या कागदावरून फक्की मारली आणि खड्डे घेतले. दुसऱ्या दिवशी जाळी बांधायच्या आधी त्यांनी फूटिंगचा कागद काढून टेप लावला आणि मला फोन केला. "ताई, ह्या दोन कागदातला खरा कुठला ओ? एकात खांब हितं हाय, दुसऱ्यात एक हात पलीकडं."

मे महिन्यात सकाळी अकरा वाजता सोलापूरच्या उन्हात मी त्या खड्ड्याच्या काठावर उभी होते. वरची काळी माती काढून खाली मुरमापर्यंत खड्डा नेला होता. तो एका बाजूनं पुन्हा वाढवावा लागला. दोन माणसांचा अर्धा दिवस गेला. तेवढ्यावर निभावलं, कारण मिस्त्रींनी माप ताडून बघितलं. नसतं बघितलं तर? फूटिंग दीड मीटर चौरस होतं. ते जुन्या जागी ओतलं गेलं असतं आणि कॉलम मात्र नव्या जागी उभा केला असता, तर तो फूटिंगच्या मध्यापासून ४५० आणि कडेपासून जेमतेम ३०० मिलिमीटरवर आला असता. मध्यावर भार येईल असं धरून डिझाइन केलेल्या फूटिंगच्या एकाच बाजूला सगळा दाब! वर माग, त्याच्या वर माणसं. १:१०० च्या नकाशावर ही चूक फक्त साडेचार मिलिमीटरची दिसते.

सर ओरडले नाहीत. एवढंच विचारलं, "फायली सात कशाला?" मी म्हटलं, "सर, कागद सात आहेत ना." ते म्हणाले, "आणि घरं किती आहेत?"

ड्रॉइंग बोर्डाची सवय

थोडं मागे जाऊ. पहिल्या वर्षाला आपण ड्राफ्टर लावून शीट काढतो तेव्हा पहिला प्रश्न असतो स्केलचा. कागद ठरलेला, म्हणून वस्तू लहान करून काढायची. कॉम्प्युटरवर हे उलट असतं. मॉडेल स्पेसमध्ये जागा अमर्याद, त्यामुळे घर खऱ्या मापात काढायचं. १५ मीटरची भिंत म्हणजे १५००० मिलिमीटर, तेवढीच टाइप करायची. स्केलचा प्रश्न येतो तो कागदावर घेताना.

ऑटोकॅड पहिल्यांदा १९८२ साली आलं, तेव्हा ही कागदाची वेगळी जागा त्यात नव्हती. 'पेपर स्पेस' आली १९९० सालच्या रिलीज ११ मध्ये, आणि तीही एका फाइलला एकच. एका फाइलमध्ये हवे तेवढे लेआउट, खाली टॅबसकट, ही सोय १९९९ मध्ये आलेल्या 'ऑटोकॅड २०००' पासून मिळाली. म्हणजे त्याआधी शिकलेल्या लोकांना दर शीटला वेगळी फाइल करणं, किंवा मॉडेलमध्येच शंभरपट मोठी बॉर्डर काढून त्यात घर बसवणं, हेच मार्ग होते. त्यांनी पुढच्यांना तेच शिकवलं, पुढच्यांनी आपल्याला. सोय येऊन २५ वर्षं उलटली, पण सवय अजून जात नाही.

लेआउट म्हणजे खिडकी

लेआउट म्हणजे एक कोरा कागद, आणि त्यावरचा व्ह्यूपोर्ट म्हणजे त्या कागदाला पाडलेली खिडकी. खिडकीतून पलीकडचं घर दिसतं. हॉस्टेलच्या तळमजल्यावरून आणि तिसऱ्या मजल्यावरून अंगणातलं लिंबाचं झाड वेगळं दिसतं, पण झाड एकच असतं. फांदी तोडली की दोन्ही खिडक्यांतून ती तुटलेली दिसते. सात फायली म्हणजे सात झाडं. सात लेआउट म्हणजे एका झाडाकडे बघणाऱ्या सात खिडक्या.

यातून एक साधा नियम निघतो. जे घराचं आहे ते मॉडेलमध्ये काढायचं : भिंती, कॉलम, दारं, माग, पाइप. जे कागदाचं आहे ते लेआउटवर : बॉर्डर, टायटल ब्लॉक, शीट नंबर, स्केलचा उल्लेख, टिपा. भिंत चुकून लेआउटवर काढली की ती बाकीच्या सहा कागदांवर येणार नाही आणि घोळ पुन्हा सुरू. असं झालंच तर 'सीएचस्पेस' ही कमांड ती वस्तू योग्य मापात पलीकडे नेऊन ठेवते.

एक लेआउट, पायरीपायरीने

समजा मिस्त्रींचा तळमजल्याचा प्लॅन १:५० ला हवाय. १५ बाय ९ मीटरचं घर कागदावर ३०० बाय १८० मिलिमीटर होईल. ए-३ कागद ४२० बाय २९७ चा असतो. म्हणजे बसतंय, बाजूला टिपांना जागाही उरते. हे गणित आधी कागदावर करा, मग माउसला हात लावा.

एक. लेआउटच्या टॅबवर राइट क्लिक करून 'पेज सेटअप'मध्ये जा. प्रिंटर किंवा पीडीएफ निवडा, कागद ए-३ घ्या, 'प्लॉट एरिया' लेआउट ठेवा आणि प्लॉटचं स्केल १:१ ठेवा. इथं बरेच जण १:५० टाकतात आणि फसतात. कागद हा कागदाच्याच मापाचा असतो. लहान करायचं काम खिडकीचं आहे.

दोन. टायटल ब्लॉक आणून ठेवा. मग 'एमव्ही' टाइप करून एंटर मारा आणि दोन कोपरे दाखवून खिडकी काढा. तिच्या चौकटीसाठी वेगळी लेअर ठेवा आणि त्या लेअरचं प्लॉटिंग बंद करा, नाहीतर प्रिंटवर नको असलेला चौकोन येतो.

तीन. खिडकीच्या आत डबल क्लिक करा, 'झूम' कमांड द्या आणि १/५०एक्सपी असं टाइप करा (अर्थात कीबोर्डवर इंग्रजीत). घर मीटरमध्ये काढलं असेल तर गणित बदलतं : एक युनिट म्हणजे १००० मिलिमीटर, म्हणून १००० भागिले ५०, म्हणजे २०एक्सपी. खालच्या पट्टीवरच्या यादीतून स्केल निवडलं तरी चालतं.

चार. खिडकीला कुलूप लावा. प्रॉपर्टीजमध्ये 'डिस्प्ले लॉक्ड' हे 'येस' करा. ही पायरी सगळे विसरतात. कुलूप नसेल आणि आत असताना माउसचं चाक फिरलं, की १:५० चं १:५३ कधी झालं ते कळतही नाही. खाली शीटवर मात्र ऐटीत '१:५०' छापलेलं असतं. साइटवर कुणी पट्टी लावून माप काढलं तर संपलंच. (पट्टी लावून माप काढू नये, लिहिलेलं मापच धरावं, हे खरं. पण लोक पट्टी लावतात, हेही खरं!)

एकाच कागदावर दोन खिडक्याही ठेवता येतात. फूटिंगच्या शीटवर आम्ही पूर्ण प्लॅन १:१०० ला दाखवला आणि बाजूला सी-५ चं फूटिंग १:२० ला. दीड मीटरचं फूटिंग तिथं ७५ मिलिमीटरचं आलं, सळ्या स्पष्ट दिसल्या.

कुणाला काय दाखवायचं

आता खरी गंमत. घर एकच, पण प्रत्येक कागद वेगळ्या माणसासाठी असतो. लाइनआउट करणाऱ्या मिस्त्रींना माग आणि बेसिन बघायचे नसतात. प्लंबरला सळ्या नको असतात. हे करताना आपण सरळ लेअर 'फ्रीझ' करतो, आणि ती सगळीकडूनच गायब होते. मग दुसऱ्या शीटसाठी परत चालू करतो, की पहिलं शीट बिघडतं. याला वैतागूनच आपण वेगळ्या फायली करतो.

उपाय त्याच लेअरच्या खिडकीत आहे, फक्त उजवीकडे सरकवून बघावं लागतं. व्ह्यूपोर्टच्या आत असताना 'व्हीपी फ्रीझ' नावाचा रकाना दिसतो. त्यात फ्रीझ केलेली लेअर फक्त त्या एका खिडकीतून दिसेनाशी होते. मॉडेलमध्ये सगळं जागच्या जागी असतं.

त्याच्याच शेजारी 'व्हीपी कलर' आहे. परवानगीच्या नकाशात प्रस्तावित बांधकाम लाल आणि पाडायचं बांधकाम पिवळं दाखवायची पद्धत आहे. साइटच्या कागदावर मात्र सगळं काळं हवं. त्यासाठी भिंती दोनदा काढायची गरज नाही. परवानगीच्या खिडकीत भिंतींची लेअर लाल करायची आणि त्या लेआउटच्या पेज सेटअपमध्ये रंगीत प्लॉट स्टाइल ठेवायची. बाकीच्या सहांना 'मोनोक्रोम'. भिंत तीच, इथं लाल आणि तिथं काळी.

अक्षरं मुंगीएवढी का होतात?

'एसपी ४६ : २००३' मध्ये आपण अक्षरांच्या ठरलेल्या उंच्या शिकतो : २.५, ३.५, ५ मिलिमीटर वगैरे. कागदावर २.५ मिलिमीटरचं अक्षर हवं असेल, तर १:५० साठी मॉडेलमध्ये ते १२५ मिलिमीटरचं लागतं आणि १:१०० साठी २५० चं. म्हणून १:५० साठी लिहिलेली मापं १:१०० च्या शीटवर सव्वा मिलिमीटरची होतात. मुंगीएवढी!

यावर दोन उपाय आहेत. टिपा आणि शीर्षकं थेट लेआउटवर लिहा, म्हणजे तिथं २.५ म्हणजे २.५ च. मॉडेलमधल्या मापांसाठी मात्र 'ॲनोटेटिव्ह' स्टाइल वापरा. २००८ च्या आवृत्तीपासून ती आहे. मापाला लागणारी स्केल जोडून ठेवली, की प्रत्येक खिडकीत ते आपापल्या उंचीनं दिसतं. सेंटर लाइन तुटक दिसायच्या ऐवजी सलग दिसत असेल, तर 'एलटीस्केल' आणि 'पीएसएलटीस्केल' दोन्ही १ करून 'रीजनऑल' द्या. यावर माझी एक अख्खी रात्र गेली आहे, तुमची जाऊ नये.

सात लेआउट सांभाळायचे कसे

'लेआउट १', 'लेआउट २' ही नावं ठेवू नका. टॅबवर राइट क्लिक करून '०१ परवानगी', '०२ सेंटर लाइन', '०३ फूटिंग' अशी नंबरासकट नावं द्या. टॅबवरचा नंबर आणि टायटल ब्लॉकमधला नंबर एकच हवा. एक लेआउट मनासारखा जमला, की बाकीचे नव्यानं करत बसू नका. 'मूव्ह ऑर कॉपी'मध्ये 'क्रिएट अ कॉपी'वर टिक करा. पेज सेटअप, टायटल ब्लॉक आणि कुलूप लावलेली खिडकी सगळं आयतं येतं. मग फक्त लेअर बदलायच्या. कंट्रोल दाबून पेज डाउन मारलं, की पुढच्या टॅबवर जाता येतं. शेवटी 'पब्लिश' दिलं, की सातही शीटची एकच पीडीएफ निघते. एक विसरलं, एक जुनं राहिलं, हा प्रकार तिथंच थांबतो.

एका फाइलमध्ये २५५ लेआउट करता येतात, पण येतात म्हणून करू नयेत. फाइल जड होते आणि बिघडली तर सगळंच जातं. प्रोजेक्ट चौघींच्या ग्रुपचा असेल तर घर एका फाइलमध्ये ठेवा आणि बाकीच्या फायलींत ते 'एक्सरेफ' म्हणून जोडा. मूळ घर बदललं, की जोडलेल्या फायली पुन्हा लोड केल्यावर बदल दिसतो. शीट फारच वाढली, तर २००५ च्या आवृत्तीपासून 'शीट सेट मॅनेजर' आहेच.

लेआउट काय करत नाही

लेआउट शिकल्यावर मला वाटलं, आता चूक होणारच नाही. तसं नाही. आपलं ड्रॉइंग सपाट आहे. प्लॅनमधला कॉलम सरकवला म्हणून सेक्शन आणि एलिव्हेशनमधला आपोआप सरकत नाही. ते आपल्यालाच करावं लागतं. रेव्हिटसारख्या सॉफ्टवेअरमध्ये सेक्शनही एकाच मॉडेलमधून निघतो, तो भाग वेगळा.

दुसरं, फ्रीझ केलेल्या लेअरवरच्या वस्तू सिलेक्ट होत नाहीत. फूटिंगची लेअर मॉडेलमध्ये फ्रीझ असताना कॉलम सरकवला, तर कॉलम जातो आणि फूटिंग मागे राहतं. म्हणजे माझीच चूक, आता एका फाइलमध्ये! म्हणून मॉडेलमध्ये कायम सगळ्या लेअर चालू ठेवा आणि लपवालपवी फक्त 'व्हीपी फ्रीझ'नं करा. मग सी-५ भोवती खिडकी टाकली, की कॉलम, फूटिंग आणि सेंटर लाइनची खूण तिन्ही एकदम हातात येतात. लांब रेषा आणि मापांसाठी 'स्ट्रेच' वापरा.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, आणि ते कुठल्याच कमांडनं होत नाही. कॉम्प्युटरमधलं बदलतं, छापलेला कागद बदलत नाही. मी सरांच्या शेजारी बसून दोन दिवसांत सात फायलींची एक फाइल केली. पुढच्याच आठवड्यात अण्णांनी जिन्याची दिशा बदलायला सांगितली. मॉडेलमध्ये एकदा बदल केला, टॅब फिरवून बघितले, ज्या ज्या कागदावर जिना होता तिथं तो वळला होता. प्लॅनचे कागद पाच मिनिटांत झाले. सेक्शनला अर्धा तास लागला. मोठ्या रुबाबात नवा सेट घेऊन मी साइटवर गेले.

मिस्त्रींनी कागद घेतले आणि सिमेंटच्या गोणीखाली ठेवायला निघाले. तिथं आधीचे सातही कागद घडी घालून ठेवलेले होते! मी ते मागून घेतले, प्रत्येकावर लाल पेननं 'रद्द' लिहिलं आणि ऑफिसात परत आणले. नव्या शीटवर तारीख आणि रिव्हिजन नंबर कुठं असतो ते त्यांना दाखवलं. मिस्त्री म्हणाले, "म्हणजे आता तारीख बघायची, होय ना ताई?"

हो मामा, तारीख बघायची. आणि आम्ही मुलांनी आधी स्वतःची फोल्डरं बघायची. यंदाचं सबमिशन जवळ आलंय. आज मेसमधून जेवून आलात की दहा मिनिटं द्या. 'फायनल', 'फायनल २' आणि 'खरंच फायनल' उघडा. त्यातलं खरं कुठलं ते ठरवा, त्यात लेआउट करा, आणि बाकीच्यांवर लाल पेन चालवा. अडलं तर आमच्या हॉस्टेलच्या रीडिंग रूममध्ये या. साडेनऊनंतर मी तिथंच असते.

(अंतिम वर्ष, स्थापत्य)